पृथ्वी बदलली काय रे?

(तृतीय वर्ष, स्थापत्य)

सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या हॉस्टेलवर जो स्वयंपाक चालतो, तो मेसवाल्या काकांनी एकदा येऊन बघावा. रात्री दीड वाजता कुणीतरी व्हरांड्यातून ओरडतो, "अरे, टॉर्शनचं रीडिंग शिजलं का?" पलीकडच्या खोलीतून उत्तर येतं, "शिजलंय रे, पण एक पॉइंट ग्राफच्या बाहेर पडतोय." "मग घे ना त्याला आत!" आणि तो बिचारा पॉइंट, ज्याचा काहीएक गुन्हा नाही, खोडरबराने पुसला जातो आणि रेषेवर आणून बसवला जातो. सकाळी सगळ्या बॅचच्या जर्नलमध्ये रेषा सरळ, उत्तर बरोबर आणि खाली सरांची सही.

मित्रांनो, यावर मी प्रवचन देणार नाही. तो अधिकारही मला नाही, कारण या पाककलेत मी तुमच्यापैकी बहुतेकांना सीनियर आहे. तुम्ही फर्स्ट इयरला आल्यावर शिकलात, मी अकरावीतच शिकून आलो होतो, मालवणात. त्या पहिल्या प्रयोगाचं एक पान गेल्या चतुर्थीला घरी सापडलं, म्हणून हा लेख. नाहीतर संपादक मंडळाने तीनदा मागूनही मी लिहिला नसता.

मालवणात मोजायच्या उपकरणांचं काही खरं नसतं. समुद्राचा खारा वारा प्रत्येक गोष्टीत शिरतो. आमचं ज्युनियर कॉलेज हायस्कूलच्याच इमारतीत भरायचं आणि प्रयोगशाळाही एकच. तिथल्या कपाटात दोन व्हर्नियर कॅलिपर होते, त्यातलं एक गंजून कायमचं तीन मिलिमीटरवर बसलं होतं. जगातली कुठलीही वस्तू त्यात घाला, उत्तर तीन मिलिमीटर. दुसरं सरकायचं, पण त्यावरच्या रेघा मिशी पुसल्यासारख्या पुसट. स्प्रिंग बॅलन्सला काही टांगलेलं नसतानाही काटा शून्यावर यायचा नाही. या सगळ्यात धडधाकट म्हणजे एक स्टॉपवॉच, लघुतम माप ०.१ सेकंद. ते सर स्वतःच्या खिशात ठेवायचे आणि पाळीपाळीने द्यायचे.

प्रॅक्टिकलला दोघादोघांची जोडी. माझा पार्टनर मासेमारी करणाऱ्या घरातला. (त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याने तशी अट घातलीय. या लेखात तो 'पार्टनर'च.) अभ्यासात मध्यम, पण हात एकदम स्थिर. वडिलांबरोबर होडीवर जायचा. त्याच्याकडून मला 'वाव' कळला. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जेवढं अंतर, तो एक वाव, साधारण सहा फूट. दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडायचं, तळाला लागलं की वर ओढताना हात पसरून मोजायचं. मालवणच्या बंदराबाहेर पाण्याखाली खडक बरेच, त्यामुळे या मोजण्याला घरात मान होता. लहानपणी तो उगाच भाव मारायला साडेतीनचे चार सांगायचा, तेव्हा वडिलांनी पाठीत धपाटा घालून सांगितलं होतं, "साडेतीन आसा तर साडेतीन सांग. खडक तुजा तोंड बघूक बसलो नाय." गंमत म्हणजे वडिलांचा वाव मोठा आणि याचा लहान, त्यामुळे त्याला आपल्या वावाचा वडिलांच्या वावात हिशोब करावा लागायचा. एककं प्रमाणित का असावीत, हे आम्हाला पुस्तकाने शिकवायच्या आधी त्याला ठाऊक होतं.

तर प्रयोग होता साध्या लंबकाचा. आपण सगळ्यांनीच केलाय. दोऱ्याला गोळा टांगायचा, थोडासा बाजूला ओढून सोडायचा, २० आंदोलनांचा वेळ घ्यायचा, २० ने भागून आवर्तकाल काढायचा, लांबी बदलून पुन्हा तेच. शेवटी गुरुत्व त्वरण, म्हणजे आपला 'जी'. लांबी मोजायची ती टांगल्या जागेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत. म्हणजे दोरा अधिक हूक अधिक गोळ्याची त्रिज्या. त्रिज्येसाठी व्हर्नियर हवं. ते त्या दिवशी शेजारच्या टेबलावर अडकलेलं. आम्ही मोजपट्टीने हुकाच्या वरच्या टोकापर्यंत मोजलं, ६० सेंटिमीटर, ७०, ८०, ९०, १०० असं व्यवस्थित, आणि उरलेलं मिळवायचं राहूनच गेलं. आमचंच नव्हे, सगळ्या बॅचचं राहिलं. पण ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण सगळ्या बॅचला उत्तर आधीच माहीत होतं.

माझ्या पार्टनरलाही माहीत होतं. पण तो घड्याळाकडे बघून लिहीत गेला. मी गोळा सोडायचो, तो मोजायचा. एक मीटरला २० आंदोलनांना ४०.५ सेकंद. गणित केलं तर जी आला ९.६३. बहुतेक इतर लांब्यांना त्याहून कमी, ९.५५ पर्यंत खाली. मी म्हटलं, हे चालणार नाही. मागच्या वर्षीची एक जर्नल बॅचमध्ये फिरत होती, तिच्यात ४०.१ आणि ४०.२ असे आकडे होते. मी कोपऱ्यात बसून उलटं गणित केलं. जी ९.८ धरला तर एक मीटरला २० आंदोलनांचे ४०.१४ सेकंद होतात. म्हणजे ४०.१ लिहायचं, मग ४०.२, मग पुन्हा ४०.१. थोडी विविधता हवी, नाहीतर संशय येतो. दहा मिनिटांत माझा तक्ता तयार झाला. आयुष्यातलं पहिलं शिजवलेलं रीडिंग आणि सांगायला लाज वाटते, पण तेव्हा फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

पार्टनर आपला कच्चा कागद घेऊन सरांकडे गेला. सरांनी शेवटचा आकडा बघितला. "९.६३? पृथ्वी बदलली काय रे?" अख्खी बॅच हसली. मीही हसलो. हे लिहायलाच हवं, कारण त्या ९.६३ मध्ये अर्धा वाटा माझा होता, गोळा मीच सोडत होतो. सर म्हणाले, "पुन्हा कर, नाहीतर पार्टनरचं बघ." पुढच्या तासाची घंटा झाली होती. त्याने पार्टनरचं बघितलं. ग्राफही माझाच उतरवला. टीचा वर्ग विरुद्ध लांबी, आरंभबिंदूतून जाणारी ठणठणीत सरळ रेषा. माझ्या वहीवर 'उत्तम' असा शेरा आहे. त्याच्या वहीवर नुसती सही.

सरांना दोष देत नाही. चाळीस पोरं, एक घड्याळ, एक धड व्हर्नियर आणि परीक्षेला दीड महिना, अशात कुणीही तेच केलं असतं. पण त्यानंतर पार्टनर प्रॅक्टिकलला घड्याळ हातात घेईना. "तूच लिव. माका जमणा नाय," म्हणायचा. बारावीनंतर त्याने सायन्स सोडलं. आता त्या ९.६३ मुळेच सोडलं असं म्हटलं तर गोष्ट छान जमेल, पण तेही रीडिंग शिजवल्यासारखंच होईल. घरची कारणं होती, पैशांची होती, आणि त्याला पाण्यावर राहायलाच आवडायचं.

माझं मात्र पुढे नीट चाललं. इतकं नीट, की सेकंड इयरनंतरच्या सुट्टीत मी ट्रेनिंगला एका साइटवर गेलो तेव्हा माझी ही कला कामाला आली. रस्त्यावरच्या एका छोट्या पुलाचं काम होतं. कुठलं, कुणाचं ते महत्त्वाचं नाही. आपल्याला लॅबमध्ये शिकवतात तसं, प्रत्येक ओतकामाच्या वेळी काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे क्यूब भरायचे, २८ दिवस पाण्यात ठेवायचे, मग मशीनमध्ये घालून फोडायचे. एम २० म्हटलं की क्यूबच्या २२,५०० चौरस मिलिमीटरवर किमान ४५० किलोन्यूटन तरी यायला हवेत, प्रत्यक्षात सरासरी त्याच्या बरीच वर हवी. साइटवरचं रजिस्टर मी पाहिलं. ५९०, ५९५, ६००. पुढची तारीख, ५९५, ५९०, ६००. त्याच्या पुढची, ६००, ५९०, ५९५. आय.एस. ४५६ मध्ये तीन क्यूबच्या सरासरीपासून एकेका क्यूबला १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे जायची मुभा आहे. काँक्रीट ही खडी, वाळू, सिमेंट आणि माणसाचा हात यांची गोष्ट, ती इकडेतिकडे जाणारच. आमचं काँक्रीट पाव टक्काही वाकडं पाऊल टाकत नव्हतं... बरं, एखादा टक्का म्हणू. मी त्या आकड्यांकडे बघितलं आणि मला माझे ४०.१, ४०.२, ४०.१ दिसले. तोच हात, तीच 'थोडी विविधता'.

मशीन आठ दिवस बंद होतं. तिथल्या साहेबांनी मागच्या पंधरा दिवसांची पानं माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे, तू भर." मी भरलं. दोन पानं. तिसऱ्या दिवशी धीर करून विचारलं की क्यूब बाहेर कुठे तपासायला पाठवायचे का, तर मला सळ्या मोजायच्या कामाला लावलं. क्यूब गोणपाटाखाली पडून होते. पुढे त्यांचं काय झालं, कळलं नाही.

घरी जाताना एसटी त्या पुलावरून जाते. पूल उभा आहे, त्याला काही झालेलं नाही आणि कदाचित काही होणारही नाही, मालही चांगला वापरलेला असू शकेल. पण त्यातल्या त्या दोन पानांच्या काँक्रीटची ताकद किती, हे मला माहीत नाही आणि रजिस्टरमध्ये जे उत्तर आहे ते माझ्या अक्षरात आहे. खिडकीतून मी बहुतेक वेळा दुसरीकडे बघतो.

आता ते पान.

चतुर्थीला आम्ही कोकणातली पोरं कुठल्याही परीक्षेची पर्वा न करता घरी पळतो, हे आपल्या प्राध्यापकांना चांगलं माहीत आहे. गेल्या चतुर्थीला आईने माळा साफ करायला चढवलं. अकरावीच्या वह्यांच्या गठ्ठ्यात माझी ती 'उत्तम' शेऱ्याची जर्नल सापडली आणि तिच्यात घडी घातलेला एक चौरेघी कागद. पार्टनरचं अक्षर. कच्ची रीडिंग. ६० सेंटिमीटरला ३१.५ सेकंद, ७० ला ३४.०, ८० ला ३६.३, ९० ला ३८.४, १०० ला ४०.५. एकही खाडाखोड नाही.

तोवर आपण सर्व्हेमध्ये चुकांचे प्रकार शिकलेलो. यादृच्छिक चूक आणि पद्धतशीर चूक. पहिली कधी इकडे, कधी तिकडे जाते. दुसरी दरवेळी एकाच बाजूला ढकलते. या कागदावरचे पाचही जी कमीच आलेले, आणि साधारणपणे लांबी जितकी छोटी तितका जी अधिक कमी. हे हाताच्या चुकीचं लक्षण नाही. म्हणून सहज लॅपटॉप उघडला, पाच बिंदू एक्सेलमध्ये टाकले आणि रेषा काढायला सांगितली. आरंभबिंदूतून जायची सक्ती न करता.

रेषा सरळ आली. पाचही बिंदू जवळजवळ तिच्यावरच. पण ती आरंभबिंदूतून जात नव्हती. मागे वाढवली तर लांबीच्या अक्षाला शून्याच्या दीड सेंटिमीटर अलीकडे छेदत होती. दीड सेंटिमीटर! दोन सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याची त्रिज्या एक, वर हुकाचा अर्धा. जे मिळवायचं आम्ही विसरलो होतो, ते त्या कागदाने स्वतःच मोजून ठेवलं होतं. आणि रेषेच्या चढावर या दीड सेंटिमीटरचा काही परिणाम होत नाही, कारण ते पाचही लांब्यांना सारखंच कमी पडलेलं. चढावरून जी काढला. ९.७८.

मी माळ्याच्या शिडीवर तसाच बसून राहिलो. खालून आई विचारत होती, समई मिळाली का.

प्रामाणिकपणे सांगायचं तर ९.७८ इतकं नेमकं येणं यात नशिबाचाही वाटा आहे. ०.१ सेकंदाच्या घड्याळावर आणि माणसाच्या अंगठ्यावर ९.७ ते ९.९ मधलं काहीही आलं असतं तरी मी तक्रार केली नसती. पण गंमत पुढेच आहे. आम्ही ज्या ९.८ साठी एवढा आटापिटा केला, तो मालवणचा नाहीच!

पुस्तकातला ९.८ हा ९.८०६६५ चा गोल केलेला आकडा. तो १९०१ साली मोजमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्रमाण म्हणून ठरवून दिला, साधारण ४५ अंश अक्षांशावरची समुद्रसपाटी डोळ्यांपुढे ठेवून. म्हणजे फ्रान्सच्या बाजूची. पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आणि तिथे फिरण्याचा वेगही जास्त, त्यामुळे तिकडे जी कमी. मालवण १६ अंशांवर. सूत्रात घालून बघा, ९.७८४ च्या आसपास येतो. म्हणजे आम्ही आमच्या गावच्या पृथ्वीचं खरं रीडिंग फेकून दिलं आणि परदेशातलं लिहिलं. सरांचा प्रश्न बरोबरच होता. पृथ्वी बदलते, थोडीशी.

ही गोष्ट पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आली त्याचीही अवस्था पार्टनरसारखीच होती. १६७२ साली झाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला गेला. विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवर. बरोबर लंबकाचं घड्याळ. पॅरिसला बरोबर चालणारं ते घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. त्याने काय केलं? ते जसं दिसलं तसं लिहिलं आणि बरोबर वेळ यावी म्हणून लंबक सुमारे तीन मिलिमीटरने आखूड करावा लागतो, हेही नोंदवलं. उष्ण हवेने लंबकाची दांडी लांबली असेल, अशी शंका काढली गेली. पण उष्णतेचा हिशोब तेवढा भरत नव्हता. १६८७ साली न्यूटनने आपल्या 'प्रिन्सिपिया'त पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याचं मांडलं, तेव्हा रिशेच्या या तीन मिलिमीटरचा आधार घेतला. आमच्या बॅचमध्ये असता तर रिशेनेही मागच्या वर्षीची जर्नल बघितली असती.

आपल्याकडेही लंबकाने जी मोजायचं काम झालंय. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात १८६५ पासून बसेव्ही नावाचा अधिकारी लंबक घेऊन देशभर हिंडत होता. १८७१ साली लडाखच्या उंच पठारावर, थंडीत, विरळ हवेत निरीक्षणं घेता घेता तो तिथेच वारला. लंबकाची आंदोलनं मोजता मोजता! आपण एसी नसलेल्या लॅबला नावं ठेवतो.

पाव-अर्ध्या टक्क्याने काय होतं, असं वाटत असेल तर आमच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगतो. देवगड तालुक्यातल्या विजयदुर्गावर शाळेची सहल गेली की 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. गोष्ट ठरलेली: १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर साहेबाने इथून दुर्बीण लावली आणि सूर्यावर हेलियम शोधला. ऐकून आमची छाती फुगायची. पुढे वाचल्यावर कळलं की या गोष्टीतही एक पॉइंट रेषेवर आणून बसवलेला आहे. १८६८ ला लॉकियर इंग्लंडात होता. विजयदुर्गाला तो आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, मदतीला 'मेल्पोमेनी' युद्धनौकेवरचे खलाशी घेऊन. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षं झाली होती, १८९५ साली रॅम्झेला. दोन ग्रहणं, मधली तीस वर्षं खोडरबराने पुसलेली. मला विचाराल तर १८९८ ची खरी गोष्ट काही कमी अभिमानाची नाही.

आणि १८६८ ची खरी गोष्ट तर आपल्या विषयाचीच आहे. त्या दिवशी ग्रहणाची सावली दख्खनवरून गेली. जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल, गुंटूरला फ्रेंच झाँसेन, असे बरेच जण वर्णपटदर्शक लावून बसले होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक झगझगीत पिवळी रेषा दिसली. आता पिवळी रेषा म्हटली की सोडियम, हे आपणही बारावीत पाठ करतो. चिमटीभर मीठ ज्योतीत टाका, पिवळं दिसतं. 'उत्तर आधीच माहीत' होतं. पण सोडियमच्या दोन रेषा आजच्या मापात ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला पडतात आणि ही पडत होती ५८७.६ ला. त्याच वर्षी ऑक्टोबरात लॉकियरने इंग्लंडातून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेची ती रेषा मोजली आणि ती सोडियमच्या जागेवर बसत नाही, यावर तो ठाम राहिला. फरक केवढा, तर पाव टक्का. योगायोग बघा, प्रमाण जी आणि मालवणचा जी यांच्यातला फरकही जवळजवळ तेवढाच आहे. त्याने तो पॉइंट 'आत घेतला' असता तर एका मूलद्रव्याला आणखी बरीच वर्षं नाव मिळालं नसतं.

असो. मी पार्टनरबद्दल सांगत होतो.

तो आता तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगला नेणाऱ्या बोटीवर आहे. पावसाळ्यात ते बंद, त्यामुळे चतुर्थीला मोकळाच होता. दुसऱ्या दिवशी तो कागद आणि लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने कागद हातात घेतला. "ह्या माजाच अक्षर मरे!" मग मी रेषा दाखवली, दीड सेंटिमीटर दाखवला, ९.७८ दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तेवा सांगूक काय झाल्ला तुका?"

मी म्हटलं, तेव्हा मला तरी कुठे कळत होतं. "ता न्हय," तो म्हणाला. "माजो आकडो तुज्यासमोरच इल्लो. तू गोळो सोडी होतंस. घड्याळात इला ता ह्येणा लिवला, इतक्याच सांगूचा होता."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. विषय बदलायला मी त्याच्या कामाचं विचारलं. तर तो टाकीवरच्या गेजबद्दल सांगू लागला. टाकी २०० बारला भरलेली असते, काटा ५० वर आला की माणसाला वर आणायचं. दर दहा मीटरला वातावरणाएवढा एकेक दाब वाढत जातो, त्या हिशोबाने हवा लवकर संपते. नवीन पोरं काट्याकडे बघतात, पण मनात असतो तोच आकडा वाचतात, असं तो म्हणाला. म्हणून तो त्यांना आकडा मोठ्याने म्हणायला लावतो.

त्याच संध्याकाळी तो आमच्या घरी आला, येताना जाळ्याला लावतात तसलं शिसं आणि तंगूस घेऊन. "तुजा ९.७८ बघूया." मागच्या खोलीतल्या तुळईला तंगूस बांधली, पंखा बंद केला. तंगूस ताणते, म्हणून शिसं टांगून अर्धा तास तसंच ठेवलं आणि मगच सर्व्हेच्या स्टील टेपने तुळईपासून शिशाच्या मध्यापर्यंत मोजलं. बरोबर अडीच मीटर करून घेतलं. लंबक जितका लांब आणि आंदोलनं जितकी जास्त, तितकी अंगठ्याची चूक वाटली जाते, म्हणून २० ऐवजी १०० घ्यायची ठरवली. शिसं वीतभरच बाजूला ओढलं. ते मधोमध जाताना मोजायचं, टोकाला नाही, कारण मध्यावर वेग सगळ्यात जास्त आणि तो क्षण नेमका पकडता येतो. मोजणारा तो, मोबाईल माझ्या हातात.

ऐंशीच्या आसपास शेजारच्या घरात आरती सुरू झाली. झांजा, टाळ्या, पोरांची ओरड. तो डोळे न हलवता मोजत होता. शंभर म्हणाला आणि मी थांबवलं. पाच मिनिटं साडेचौदा सेकंद. तिथल्या तिथे गणित केलं. ९.९८.

मी चमकलोच. एवढी काळजी घेऊन शाळेपेक्षा वाईट? पुन्हा गणित तपासलं, बरोबर होतं. मग लक्षात आलं. "सोडताना तू शून्य म्हटलंस की एक?" एक म्हणून सुरुवात केली असेल, तर शंभर म्हणेपर्यंत आंदोलनं नव्व्याण्णवच होतात. नव्व्याण्णव घालून बघितलं. ९.७८!

"एकच म्हटलं असशील," मी म्हटलं. "नव्व्याण्णव लिहितो."

तो विचार करत राहिला. "माका आठवणा नाय."

"अरे, पण उत्तर येतंय ना बरोबर!" पेन माझ्या हातात होतं आणि ते कागदावर टेकलंही होतं.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि अजून डुलणारं शिसं हाताने धरून थांबवलं.

"घड्याळ शून्यार घे," तो म्हणाला.